पहिली पात

नाचणगावहून पुलगावकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना यंदाही कापूस फुटला आहे. दव सुकल्याशिवाय कुणी शेतात उतरत नाही, ओला कापूस गाठोड्यात पिवळा पडतो. म्हणून बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून उन्हाची वाट पाहतात, कमरेला ओटी बांधतात, एकमेकींची थट्टा करतात. मग ऊन पहिल्या तासावर, कापसाच्या पहिल्या ओळीवर, येतं, कुणीतरी म्हणतं, "चला वं", आणि दहा-बारा जणी एका ओळीत उभ्या राहतात. दरवर्षी ती ओळ पाहिली की माझं डावं कोपर जागं होतं. दुखत नाही. त्याला फक्त आठवतं.

आज सकाळी शालूचा फोन आला. ती आता तळेगावला, श्यामजी पंतांच्या तळेगावला, शाळेत खेळाची शिक्षिका आहे. "माह्या पोट्टीयची उद्या मॅच आहे," ती म्हणाली. "बॅटिंगचा क्रम पाठवला तुले. मोजून पाय जरा."

"तू बनवला ना? मग मी काय मोजू?"

"मी डोळ्यानं बनवला. तू आकड्यानं पाय. आपलं असंच ठरलं होतं नं?"

होय, तसंच ठरलं होतं. अकरावीच्या त्या वेचणीच्या हंगामात.

आमच्याकडे मुली बेसबॉल खेळतात हे सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. हसू द्या. वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या मैदानांवर पांढऱ्या चुन्याने तो चौकोन आखलेला असतो. क्रिकेटसारखी गर्दी तिथे होत नाही आणि पेपरात नावही छापून येत नाही. आमच्या संघाकडे बॅटी तीन, हेल्मेटं दोन आणि बॉल सहा होते. त्यातल्या एका बॉलची शिवण उसवली तेव्हा आतून सुताचा वेढा निघत गेला, निघतच गेला. शालू तो हातावर गुंडाळत म्हणाली, "पाय वं, आपलाच कापूस. बाहेरून कातडं घालून साहेब झाला." आम्ही तो बॉल चांभाराकडून शिवून आणला आणि दिवाळीपर्यंत वापरला.

माझं घर पत्रकांचं होतं. बाबा चळवळीतले. पाण्यासाठी, घरजागेच्या पट्ट्यांसाठी, शाळेच्या खोलीसाठी, विहारातल्या वाचनालयासाठी त्यांची पत्रकं निघायची. घरात गादीखाली पत्रकं, पिठाच्या डब्याखाली पत्रकं. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. पत्रक एका बाजूनेच छापतात, पाठ कोरी राहते. त्या कोऱ्या पाठीवर मी गणितं केली, भूगोलाचे नकाशे काढले आणि अकरावीत आमच्या संघाचा स्कोअर लिहिला. मी संघात होते खरी, पण नवव्या नंबरची, बॅट हातात घेतली की पिचरलाच दिलासा वाटावा अशी. मला खेळण्याहून लिहून ठेवणं अधिक जमत होतं. कोण बेसवर पोचली, कोण आऊट झाली, त्यानंतर त्या डावात किती धावा झाल्या, सगळं. पुढच्या बाजूला 'पाणी आमच्या हक्काचं', मागच्या बाजूला आमचे डाव.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. चौकोनाच्या कोपऱ्यांना बेस म्हणतात; तीन बेस घेऊन चौथ्या कोपऱ्यावर, होम प्लेटवर परतलं की एक धाव. नऊ जणी ठरलेल्या क्रमाने बॅटिंग करतात. तीन आऊट झाल्या की डाव संपतो, आणि पुढचा डाव जिथे क्रम थांबला तिथून सुरू होतो. नववीनंतर पुन्हा पहिली. पिचरने, म्हणजे बॉल टाकणारीने, चार बॉल रेषेबाहेर टाकले, आणि बॅटरने ते न मारता सोडले, की तिला पहिल्या बेसवर चालत जायला मिळतं. त्याला वॉक म्हणतात. रेषेतले तीन बॉल सोडले की मात्र ती आऊट. यातच सगळी गोष्ट आहे.

आमचे ढोबळे सर मूळचे क्रिकेटचे. माणूस मनाने चांगला, उन्हात आमच्याबरोबर धावायचा. पण वॉक मिळाला की त्यांचा चेहरा उतरायचा. "भीक मागून जाते का बेसवर? बॅट कायले देल्ली हाती?" क्रिकेट पाहत वाढलेला सगळा गाव असाच विचार करतो. मारलं तर खेळली, सोडलं तर भ्याली. आणि सगळ्यात जास्त सोडायची ती शालू.

शालूकडे बघून ती खेळाडू आहे असं कुणाला वाटलं नसतं. बारीक, काळी, शांत. त्या हंगामात ती आईबरोबर वेचणीला जायची आणि बोटांच्या पेरांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे घेऊन सरावाला यायची. बॅट खांद्यावर धरून ती बॉलकडे नुसती पाहायची. वाईट बॉल तिच्या नाकासमोरून गेला तरी तिची बॅट हलायची नाही. सर तिला आठव्या नंबरवर टाकायचे, माझ्या आधी. म्हणजे कुठेतरी टाकायचं म्हणून.

पहिला नंबर ऋतुजाचा. ती कॉलनीतली, संघाची कॅप्टन. तिच्या वडिलांनी शाळेला तिन्ही बॅटी दिल्या होत्या. सरांना कुणी सांगितलं नव्हतं, ऋतुजाने मागितलं नव्हतं, तिच्या वडिलांनी तर मुळीच नाही. पण गल्लीतल्या क्रिकेटचा कायदा आपण सगळे आईच्या दुधासोबत पितो: ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. त्या कायद्याला कागद लागत नाही. म्हणूनच तो मोडायला फार कठीण असतो.

सरांनी एक दिवस सगळ्यांसमोर शालूला झापलं. "चार मॅच झाल्या. तू एक तरी मारलं का? जिल्ह्याची फायनल जितलो तं विभागाले जा लागते. तिथी मारणारी पोट्टी पायजे." परतताना मी तिला विचारलं, "तू काऊन नाही मारत?"

ती म्हणाली, "रविवारी वेचाले ये. मंग समजंल तुले."

मी गेले. उत्साहात पहिल्या तासावर जाऊन उभी राहिले. शालूच्या आईने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. "तिथी नाई वं पोरी. पहिली पात शालूची."

"काकू, पण शालू तर हळू वेचते."

"हाव, उशीर लागते तिले. पण तिच्या मांगं पाय. एका तरी बोंडात कापूस रायला का? अन् एक तरी कच्चं बोंड तोडलं का?" काकूंनी ओटी झटकली. "पहिली जशी वेचते, तशा मांगच्या वेचतात. घाईवाली पुढं ठेवली तं साऱ्याच घाई करतात, अन् अर्धा कापूस झाडावरच रायते."

मग त्यांनी मला मधल्या तासावर उभं केलं, दोन जाणत्या बायांच्या मध्ये. "नवीच्या दोही बाजूनं जाणत्या बाया असाव्या. मांगं पडली तं ओढून घेतात." आम्ही धुऱ्यापर्यंत वेचत गेलो. तिथून ओळ पलटली आणि सगळ्यात शेवटची बाई आपोआप पहिली झाली. कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही. मी मात्र तिथेच उभी राहिले, ओटीत जेमतेम दोन मुठी कापूस घेऊन. बोंड उमललेलं असलं की शालूची तीन बोटं आत जायची आणि कापूस अखंड बाहेर यायचा. नसलं की तिचा हात थांबायचा. विचार करावा लागत नव्हता. तिच्या हातालाच ते ठाऊक होतं.

माझ्या लेखी त्या दुपारी बेसबॉल पहिल्यांदा खेळ झाला. त्याआधी आमचा नऊ जणींचा क्रम म्हणजे नुसती रांग होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी पत्रकांचा गठ्ठा व्हरांड्यात पसरला. सराव आणि मॅचेस धरून आमचे पन्नास डाव लिहिलेले होते. मी ते दोन ढिगांत वाटले. एका ढिगात डावाची पहिली मुलगी बेसवर पोचली होती, दुसऱ्यात ती आऊट झाली होती. पहिल्या ढिगात वीस डाव निघाले आणि त्यांत सव्वीस धावा. दुसऱ्यात तीस डाव आणि धावा फक्त दहा. मी तीनदा मोजलं. म्हणजे पहिली पोचली तर दहा डावांना तेरा धावा, आणि पहिलीच गेली तर तीन-साडेतीन. मग मी नावं पाहिली. ऋतुजा दहात तीनदा बेसवर पोचायची. शालू दहात सहादा, आणि त्यातले चार वॉक. जिला आम्ही भीक म्हणत होतो त्याने शालू आमच्यात सगळ्यात जास्त वेळा बेसवर उभी होती, आणि तिच्यामागे होते मी. ती पोचायची, मी तिसरी आऊट व्हायचे, डाव संपायचा. तिने वेचलेला कापूस आम्ही रोज धुऱ्यावर सोडून येत होतो.

डावाची सुरुवात ऋतुजाने केली तर दहा डावांत साधारण सहा धावा होणार. शालूने केली तर नऊ. तीन धावांचा फरक. आणि त्या हंगामात साखळीतल्या दोन मॅच एकेका धावेने हरून आम्ही कशाबशा फायनलला पोचलो होतो.

माझं रक्त तापलं. पत्रकाच्या घरातली मुलगी अशा वेळी काय करणार? मी पत्रक काढलं. मोठ्या अक्षरांत, लाल शाईत: 'बॅट कुणाचीही असो, पहिली बॅटिंग जी बेसवर पोचते तिची!' खाली आकडे, त्याखाली ऋतुजाचं नाव आणि तिचे दहात तीन. सूचना फलकावर चिकटवलं आणि छाती पुढे काढून घरी आले. बाबांना मी कच्ची प्रत दाखवली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

बाबांनी ती पूर्ण वाचली. "आकडे खरे आहेत का?"

"एकदम खरे."

"मंग या पोरीचं नाव काऊन लिवलं?"

"कारण तिच्या बापाने बॅटी दिल्या म्हणून..."

"तिनं मागितलं का तुमाले? तिनं सांगितलं का, मी पहिली जाईन?" बाबांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "माणसावर नाई लिवायचं, बाई. रीतीवर लिवायचं. माणूस पाडला तं रीत तशीच उभी रायते, दुसरा माणूस पायते अन् वापरते. नाव खोड. उद्या तिच्यापुढं जाऊन बोल."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ऋतुजा फलकासमोरच उभी होती. मी माफी मागितली. ती पत्रकावरून नजर न काढता म्हणाली, "माझे आकडे खोटे आहेत?"

"नाही."

"मग माफी कशाची मागतेस?" तिचे डोळे भरले होते. "सगळ्यांना दाखवायच्या आधी मला दाखवायचं होतंस. मी कॅप्टन आहे ना तुमची?"

आयुष्यात मी पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत, पण इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. मी ते पत्रक फाडलं. ऋतुजाने मला व्हरांड्यात बसवलं आणि दोन्ही ढीग पुन्हा स्वतःच्या हाताने मोजून घेतले. मग तीच सरांकडे गेली. मी दाराशी उभी होते.

"सर, फायनलला शालू पहिली जाईल. मी सातवी."

"डोकं फिरलं का तुयं? पत्रकं चिकटवून टीम बनत असते का?"

"सर, एक मॅच. मी कॅप्टन म्हणून सांगते आहे."

सरांनी शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "एकच मॅच," म्हणाले. "हरलो तं विषय संपला. शालूचं नाव कमी करून दुसरी पोट्टी घेईन. मंग कोणी रडत येजो नोको माह्याकडे."

शालूला हे मी सांगितलं तेव्हा ती गाठोड्याला गाठ मारत होती. तिच्या आईने तिला फायनलसाठी एक दिवस दिला होता. वेचणी ऐन भरात होती आणि त्यांच्या हातांना थांबायची सवय नव्हती. विभागाला निवड झाली तरच आणखी दिवस मिळणार. "म्हंजे माह्याकडे एकच दिवस आहे," शालू म्हणाली. "बरं. एकात एकच शेत वेचून होते."

फायनल वर्ध्याला होती. समोरचा संघ शहरातला, एकसारख्या टोप्या घातलेला. त्यांची पिचर उंच, हाताला वेग असलेली. त्यांच्यानंतर आमची बॅटिंग आली आणि पहिली बॅटर म्हणून शालू चालत गेली तेव्हा तिकडून कुणीतरी म्हणालं, "ही पहिली? यांच्याकडे कुणी नाही का?" पहिला बॉल बाहेर. शालू हलली नाही. दुसरा बाहेर. तिसरा रेषेत. चौथा बाहेर. पाचवाही. शालू बॅट हळूच खाली ठेवून पहिल्या बेसवर चालत गेली. आम्ही मागच्या सगळ्या जणींनी ते पाच बॉल पाहिले होते. पिचरचा हात कुठून येतो, बॉल कुठे पडतो, सगळं. दुसरी बॅटर थांबली. तिसरीही थांबली. घाईवाली पुढे नव्हती, म्हणून कुणीच घाई केली नाही. त्या डावात आम्ही दोन धावा केल्या.

पण खेळ कागदासारखा सरळ चालत नाही. दहात सहा म्हणजे चारदा ती आऊट होणार हे मी लिहिलं होतं, सोसायची तयारी मात्र केली नव्हती. तिसऱ्या डावात शालूने रेषेतला तिसरा बॉल सोडला आणि न मारताच आऊट झाली. सरांनी टोपी जमिनीवर आपटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी हातातल्या कागदाकडे. शेवटच्या डावापर्यंत धावा पाच-पाच अशा बरोबरीत आल्या होत्या. त्यांची बॅटिंग संपली होती, आता फक्त आमची उरली होती. पाचवी आऊट, सहावी आऊट. आता एकच आऊट उरला होता.

ऋतुजा सातवी. तिने पहिलाच बॉल समोर उभ्या असलेल्या दोघींच्या मधून मारला आणि पहिल्या बेसवर पोचली. आठवीने सहा बॉल थांबून वॉक घेतला. त्यानंतर मी.

मी बॅट घेऊन उभी राहिले. सगळ्यांना माझे आकडे ठाऊक होते, मीच तर लिहिले होते. दुसरा बॉल सुटला तो थेट माझ्या अंगावर. मी डावं कोपर वर केलं. कळ डोळ्यांपर्यंत गेली. पंचाने पहिल्या बेसकडे हात दाखवला, आणि मी रडत, हसत, कोपर पोटाशी धरून निघाले. बॉल लागला की बेस मिळतो. तिन्ही बेस भरले, म्हणजे आता नुसता वॉक मिळाला तरी सगळ्या एकेक बेस पुढे सरकणार आणि तिसऱ्या बेसवरची घरी येणार. आणि माझ्यानंतर, नववीनंतर, पुन्हा पहिली. धुऱ्यावरून ओळ पलटली होती.

शालू आली. सर उभे राहिले. "शालू, आता मार! काईही झालं तरी मार!" बाकावरच्या मुली ओरडू लागल्या, मैदानाबाहेर उभे असलेले अनोळखी लोकही. मार, मार. बाहेरचा बॉल. रेषेतला. बाहेरचा. रेषेतला. बाहेरचा. आता एक बॉल उरला. रेषेत आला आणि सोडला तर डाव संपला. बाहेरचा आला आणि मारला, तरी बहुतेक संपलाच. हा एक बॉल, शालूचा तो एक दिवस, आणि त्यापुढचे सगळे दिवस.

तेवढ्यात तिसऱ्या बेसवरून ऋतुजाचा आवाज आला. तिचा गळा बसला होता, तरी सगळ्यांच्या वरून ऐकू आला. "मारू नको, शालू! तुझं तू पाहा! मारू नको!"

मी शालूकडे पाहत होते. बॉल सुटला. तो चांगला दिसत होता, खरंच चांगला, टपोरा, उमललेल्या बोंडासारखा. मी असते तर मारला असता. शालूचा हात थोडासा उचलला गेला आणि थांबला. बॉल अगदी शेवटी खाली वळला आणि कॅचरने तो मातीतून उचलला.

पंचाने पहिल्या बेसकडे बोट केलं.

जिंकण्याची धाव कुणी धावत काढली नाही. शालू पहिल्या बेसकडे चालत निघाली, मी दुसऱ्याकडे, आठवी तिसऱ्याकडे, आणि ऋतुजा, जिची बॅट होती ती ऋतुजा, तिसऱ्या बेसवरून घरी चालत आली. चार मुली, एकाच चालीने, एकमेकींच्या पुढे. होम प्लेटवर पाय ठेवून ती मटकन खाली बसली. मग सगळा संघ आमच्यावर कोसळला. ढोबळे सर आपली टोपी शोधत होते. सापडल्यावर त्यांनी ती झटकली आणि शालूच्या डोक्यावर ठेवली. "भीक नोय थे," एवढंच म्हणाले. पुन्हा त्यांच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नाही.

परतलो तेव्हा ऊन कलत होतं. शालूची आई डोक्यावर गाठोडं घेऊन शेतातून येत होती. आम्ही वाटेतच तिला गाठलं.

"जितलो व आई."

"तू काय मारलं मंग?"

"काईच नाई मारलं."

काकूंनी गाठोड्याखालून तिच्याकडे पाहिलं. "कच्चं तोडलं नाई नं?"

"नाई."

"मंग जितणारच," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. थोडं पुढे जाऊन मागे न वळताच विचारलं, "विभागाची मॅच कोन्या दिवशी आहे?"

माझ्यासमोर आता शालूच्या मुलींचा क्रम आहे. बाबांच्या एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर मी तो उतरवून घेतला आणि मोजला. पहिल्या नावापुढे शालूने लिहिलं आहे: 'ही थांबते.' नवव्या नावापुढे: 'ही नवी आहे, दोघी जाणत्यांच्या मध्ये.' क्रमात नववीच्या एका बाजूला आठवी असते आणि दुसऱ्या बाजूला पहिली, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मी तिला फोन केला.

"मोजलं?" तिने विचारलं.

"मोजलं. एकही नाव हलवायचं नाही."

"मंग उद्या येजो तळेगावले. ऋतुजाही येऊन राह्यली. सारं गाव 'मार मार' करते बाप्पा, 'मारू नको' म्हणाले कोणी तरी पायजे."

सकाळची पहिली एसटी धरीन म्हणते.